सोडियमचा समतोल आणि सार्वजनिक आरोग्य



अर्थशास्त्रात मिठाचा विचार बहुधा मीठकराच्या संदर्भात होतो. परंतु मिठातील सोडियमचा संबंध आरोग्यावरील खर्चाच्या अग्रक्रमाशीही आहे.

सोडियम हा पेशींबाहेरील द्रवातील प्रमुख धनभारित आयन होय. पेशींच्या आत पोटॅशियम, तर बाहेर सोडियम अधिक असते. मज्जातंतूंतील संदेशवहन, स्नायूंचे आकुंचन आणि शरीरातील पाण्याचे वाटप या फरकावर अवलंबून असते. समतोल राखण्याचे मुख्य कार्य मूत्रपिंडे करतात.

रक्तातील सोडियमचे प्रमाण सामान्यतः दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असते. शिरेतून घेतलेल्या नमुन्यात ते मोजण्यासाठी पूर्वी ज्योत-प्रकाशमापी वापरत. आता प्रामुख्याने आयन-निवडक इलेक्ट्रोड वापरतात. प्रमाण फार घटल्यास संभ्रम, झटके व बेशुद्धी संभवते.

मात्र हा आकडा शरीरातील एकूण सोडियम सांगत नाही. तो सोडियम व पाणी यांचे परस्परप्रमाण सांगतो. अतिसारात दोन्ही एकाच प्रमाणात गेल्यास अहवाल सामान्य येतो आणि तरीही बालकाचे प्राण धोक्यात असतात. म्हणूनच अतिसारावरील प्राथमिक उपचार प्रयोगशाळेच्या अहवालासाठी थांबत नाही.

याचा प्रत्यय १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे आला. निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यावयाचे द्रव अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे द्रावण तोंडावाटे देण्यास आरंभ केला. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. लहान आतड्यात ग्लुकोजसोबत सोडियम शोषले जाते व त्यामागोमाग पाणीही, हे त्यामागील शास्त्र होय. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुधारलेल्या सूत्रात सोडियम व ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलिमोल ठेवले. डॉ. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

यातून निघणारा धोरणात्मक निष्कर्ष स्पष्ट आहे. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी जिल्हा पातळीवर तपासणीची सोय हवीच. परंतु ‘आशा’ कार्यकर्तीजवळची क्षारसंजीवनीची पुडी, स्वच्छ पाणी आणि द्रावण कसे करावे याचे मातेला असलेले ज्ञान यांवरील अल्प खर्च अधिक प्राण वाचवतो. विकासाचे मोजमाप करताना उभारलेल्या इमारतींबरोबरच, ही पुडी वेळेवर घरात पोहोचली काय, हेही पाहावयास हवे.