व्यापारी उमेदवार आणि आपले मत



वसंतात व्याख्याने ऐकण्याची आपली चाल जुनी आहे. 1875 साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात तिचा पाया घातला आणि तेथून ती गावोगावी गेली. अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे हा संकेत. माझे आयुष्य हमाल, मापाडी आणि जिनातील मजूर यांच्यात गेले. कायद्याची पुस्तके मी वाचली ती अडचण आली तेव्हा, आणि अडचणीपुरतीच. तेव्हा माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा करू नका. एक प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे, तो आपल्यापुढे ठेवावा एवढाच हेतू आहे.

तो प्रश्न मला एका हमालाने घातला. कपाशीचा हंगाम होता. विधानसभेची निवडणूक लागली होती आणि ज्यांच्या आवारात तो पोती वाहत होता तेच शेठजी उमेदवार म्हणून उभे होते. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, शेठजी उभे हायेत. त्यायची उचल माह्या अंगावर हाये. आता माह्यं मत माह्यं हाये का त्यायचं?"

व्यापाऱ्याने निवडणुकीस उभे राहावे की नाही, हा आजचा विषय नव्हे. त्याने अवश्य उभे राहावे. राज्यघटनेने तो हक्क प्रत्येक पात्र मतदाराला दिला आहे आणि व्यापारी म्हणून तो काढून घेता येत नाही. शिवाय व्यापारी तेवढा स्वार्थी, असे म्हणणे हा अन्याय होईल. वर्ध्याचे जमनालाल बजाज व्यापारीच होते. त्यांनी 1921 साली रायबहादूर ही पदवी परत केली, काँग्रेसच्या खजिन्याची जबाबदारी वर्षानुवर्षे वाहिली आणि 1928 साली आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. उलट बाजूही सांगतो, कारण ती आमच्या घरातली आहे. कामगारांच्या नावाने निवडून येऊन मालकाच्या गाडीतून फिरणारे पुढारी मी पाहिले आहेत. तेव्हा प्रश्न जातीचा नाही, धंद्याचाही नाही. प्रश्न आहे तो माणूस ज्या खुर्चीवर बसू पाहतो त्या खुर्चीचा.

या खुर्चीचा इतिहास थोडा पाहू. 1935 च्या कायद्याने मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेत 112 जागा ठेवल्या होत्या. त्यांत व्यापार-उद्योगाला 2, जमीनदारांना 3 आणि कामगारांना 2 जागा स्वतंत्रपणे राखलेल्या होत्या. मतदानाचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण असल्या अटींवर मिळत होता. बहुसंख्य प्रौढांना तो नव्हताच. ती व्यवस्था अन्यायाची होती, पण एका बाबतीत ती सरळ होती. व्यापारी व्यापाऱ्यांच्या जागेवर बसे आणि व्यापाऱ्यांचे हित बोले. त्याने तसे बोलावे हीच अपेक्षा असे आणि ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असे.

स्वराज्य आले आणि हे सारे गाळे मोडले. 1952 साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा आपला बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि आपले प्रतिनिधी नागपूरच्या विधानसभेत बसत. 1957 साली आपण द्वैभाषिक मुंबई राज्याचे मतदार झालो, 1962 साली महाराष्ट्राचे. राज्ये तीन बदलली, पण एक गोष्ट कायम राहिली: शेठजींना एक मत आणि त्यांच्या हमालालाही एकच मत. व्यापाऱ्यांची वेगळी जागा आता नाही. जो निवडून येतो तो सगळ्यांच्या जागेवर बसतो. सोनाळ्याच्या शेतकऱ्याच्या, पातुर्ड्याच्या दुकानदाराच्या, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आदिवासीच्या, आणि ज्या बाईला खारे पाणी टाळून गोड्या पाण्याच्या नळाची वाट पाहावी लागते तिच्याही. पूर्वी व्यापाऱ्याने आपले हित बोलणे हे त्याचे काम होते. आज सगळ्यांच्या खुर्चीवर बसून त्याने आपले हित साधले, तर ती ठेवीची अफरातफर होते.

विधानसभेत असे काय होते की ज्याने धंद्याचा संबंध यावा? दोनच उदाहरणे देतो. 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांचा कायदा केला. त्यापूर्वी पाठीवर ओझे वाहणाऱ्याला कायद्याच्या दृष्टीने मालकच नव्हता. आज या दुकानी, उद्या त्या दुकानी. पडला, मोडला तर कोणाचा कोणी नाही. या कायद्याने मंडळे स्थापन झाली, मजुरीबरोबर मालकाकडून लेव्ही घेण्याची सोय झाली, भविष्यनिर्वाह निधीसारखे शब्द हमालाच्या वाट्याला आले. हा कायदा गोदामात झाला नाही, विधिमंडळात झाला. दुसरे उदाहरण सावकारीचे. 1946 चा जुना कायदा जाऊन 2014 साली सावकारी नियमनाचा नवा कायदा आला. परवान्यावाचून सावकारी करणाऱ्याला शिक्षा, बळकावलेली जमीन परत देण्याची तरतूद, हे सारे त्यात आहे. अशा विधेयकावर हात वर करणाऱ्याचे हात स्वतः कशात गुंतले आहेत, हे मतदाराला कळायला नको काय?

आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. ती ऐकीव नाही, निकालपत्रात छापलेली आहे. 2006 साली खामगावात एका शेतकरी कुटुंबाने सावकारीविरुद्ध तक्रार केली. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती ते तेथील तत्कालीन आमदारांचे वडील. त्यानंतर तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कार्यालयातून पोलीस ठाण्यास दूरध्वनी गेला. ठाण्यातील कोणीतरी त्याची नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत केली. प्रकरण आधी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हस्तक्षेप घटनाबाह्य ठरवला आणि राज्य सरकारला बसलेला 25 हजारांचा दंड वाढवून 10 लाख रुपये केला. सावकारीचा मूळ आरोप खरा की खोटा याचा हा निवाडा नव्हता, हे मी स्पष्ट करतो. मला व्यक्तींशी कर्तव्य नाही. मला दोन गोष्टी दिसतात. पैशाचा व्यवहार आणि आमदारकी एका घरात आली की दूरध्वनीची तार मुंबईपर्यंत पोचते, ही एक. आणि त्या तारेपुढे एका साध्या पोलिसाने शाईने लिहिलेली नोंद टिकून राहते, ही दुसरी. लोकशाही अशा नोंदींवर उभी आहे.

आता पैशाकडे येऊ. 2022 सालापासून आपल्यासारख्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा 40 लाख रुपये आहे. अनामत 10 हजार. हमालाला 10 हजार म्हणजे हंगामाची उचल. 2024 च्या निवडणुकीत घाटकोपर पूर्वचे उमेदवार पराग शहा यांनी प्रतिज्ञापत्रात सुमारे 3,383 कोटींची मालमत्ता जाहीर केली, आणि ते निवडून आले. ती मालमत्ता त्यांनी कागदावर जाहीर केली, हेही आपण नोंदवू. 2002 पूर्वी हे जाहीर करण्याची सक्तीच नव्हती.

ज्याच्याजवळ पैसा आहे तो स्वतःचा खर्च करील; ज्याच्याजवळ नाही तो कोणाकडून तरी घेईल. हा धोका आजचा नाही. 1957 साली टाटांच्या पोलाद कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देण्याची मुभा मागितली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छगला यांनी कायद्यात अडथळा नाही म्हणून ती दिली, पण असा पैसा लोकशाहीचा गळा आवळू शकतो, असा इशारा देऊन संसदेने लक्ष घालावे असे बजावले. पुढे 1969 साली कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, 1985 साली ती उठली, 2017 साली देणगीची कमाल मर्यादाही काढून टाकली गेली. अखेर 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे आणि ही अमर्याद मुभा दोन्ही रद्द केली. छगलांच्या इशाऱ्याला तेव्हा 67 वर्षे होत आली होती.

पण पैसा नेहमीच जिंकतो असेही नाही, म्हणून निराश होण्याचे कारण नाही. 1971 साली दक्षिण मुंबईतून नवल टाटा लोकसभेला उभे राहिले आणि हरले. त्याआधी 1957 साली नागपूरच्या मतदारांनी ए. बी. बर्धन यांच्यासारख्या कामगारांच्या कार्यकर्त्याला विधानसभेत पाठवले होते.

आता माझ्या चुकीबद्दल सांगतो. त्या हमालाने प्रश्न केला तेव्हा मी त्याला ठासून सांगितले, "मत गुप्त आहे. देव आणि तू, तिसऱ्याला कळत नाही. निर्भयपणे दे." दुसऱ्या दिवशी तेच मी सभेत सांगितले. माणसांनी माझ्यावर विश्वास ठेवला. निकाल लागला, शेठजी पडले. काही दिवसांनी मला कळले की त्या वस्तीचे मतदान एकाच केंद्रावर होते आणि केंद्रवार मतांचा तक्ता कोणालाही मिळतो. कोणी कोणाला मत दिले हे कळले नाही. पण वस्तीने मत दिले नाही, हे कळले. पुढच्या हंगामात त्या आवाराच्या फाटकावर नवी माणसे दिसली. अकरा जुन्या माणसांना "यंदा काम कमी आहे" असे सांगण्यात आले. मला प्रश्न विचारणारा त्या अकरांत होता. तो मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

मी कायदा खोटा सांगितला नव्हता. अर्धा सांगितला होता, आणि गरिबाला अर्धा कायदा सांगणे हे त्याला फसवण्यासारखेच आहे. त्यानंतर मी वाचू लागलो. कागदी मतपत्रिकांच्या काळात, जेथे धाकदपटशाची भीती असे तेथे निरनिराळ्या पेट्यांतील मतपत्रिका मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. यंत्रे आली आणि ती सोय गेली. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे यंत्र वापरावे असे निवडणूक आयोगाने सुचवले, 2015 साली विधी आयोगानेही त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने ते मान्य केले नाही. ही मागणी कोणत्या मोर्च्यात ऐकली आहे का आपण? मी स्वतःच उशिरा केली.

म्हणून मी आज कोणाला मत द्या किंवा देऊ नका, असे सांगत नाही. व्यापारी उमेदवार दारी आला की त्याला चहा द्या आणि चार प्रश्न विचारा. पहिला: आपले धंदे कोणते, आणि त्यांच्यासंबंधी विधेयक आले तर आपण सभागृहात उठून आपला संबंध सांगाल काय? दुसरा: आपल्याकडे सरकारी कामाचा ठेका आहे काय? ठेका चालू असेल तर 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 9-अ उमेदवाराला अपात्र ठरवते. तो कोणा नातलगाच्या नावावर गेला असेल तर तेही विचारा. 2018 पासून असे ठेके आणि उत्पन्नाची साधने प्रतिज्ञापत्रात दाखवावी लागतात, ते वाचा. तिसरा: प्रचाराचा खर्च कोण करतो? चौथा प्रश्न माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे: आपल्या आवारात हमाली काय दराने देता, बायांना किती, पुरुषांना किती, आणि मतदानाच्या दिवशी रोजंदारीच्या माणसालाही भरपगारी सुट्टी देता काय? ही सुट्टी मेहेरबानी नाही, त्याच कायद्याच्या कलम 135-ब चा हुकूम आहे. ज्याच्या फाटकाच्या आत कायदा पोचत नाही, त्याला कायदे करायला पाठवायचे की नाही, हे आपण ठरवा.

हे चार प्रश्न एकट्या हमालाने विचारायचे नाहीत. त्याच्या अंगावर उचल आहे. ते तुम्ही विचारायचे: शिक्षकांनी, वकिलांनी, दुकानदारांनी, ज्यांची चूल त्या आवारावर पेटत नाही त्यांनी. शहाणी माणसे गप्प राहतात तेव्हा बोलण्याची किंमत सर्वांत गरीब माणूस मोजतो. मी ती अकरा घरांतून मोजली जाताना पाहिली आहे.

"माह्यं मत माह्यं हाये का त्यायचं?" या प्रश्नाला मी तेव्हा घाईने उत्तर दिले. आज विचाराल तर सांगेन: मत तुझेच आहे बाबा, पण ते तुझे राहावे यासाठी गावाने तुझ्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. ते काम मी एकटा करू शकलो नाही. म्हणून आज ते आपल्यापुढे ठेवले आहे.