चार्ज देतांना



१९४८ पूर्वीं आमचा नांदेड-लातुराकडील मुलूख हैदराबाद संस्थानांत होता. त्या काळीं एका अंमलदारानें दुसऱ्याच्या हातीं कारभार सोंपविला म्हणजे उर्दू दफ्तरांत त्यास 'जायजा' म्हणत. आतां सर्वत्र 'चार्ज' हाच शब्द रूढ आहे, आणि शाळामास्तरांना तो चांगलाच परिचयाचा. बदलीचा हुकूम आला कीं जडसंग्रहाची वही उघडावयाची, खुर्च्या, नकाशे, घंटा मोजावयाच्या आणि देणाऱ्यानें व घेणाऱ्यानें यादीखालीं सह्या करावयाच्या. त्या यादींत सर्वांत जड वस्तु कपाट, व सर्वांत हलकी शाळेचा शिक्का. कपाटाचा पाय मोडका असला तर तसा शेरा लिहून सही होत असे. परंतु शिक्का जाग्यावर नसला तर घेणारा मुख्याध्यापक लेखणी उचलीत नसे, आणि तें योग्यच होतें. शिक्क्याची बाजारांतील किंमत ती काय! पण तो भलत्याच्या हातीं पडला तर दाखल्यावर वाटेल ती जन्मतारीख घालून खालीं शाळेचें नांव उठवितां येईल.

ही समज फार जुनी आहे. छत्रपति पेशवाईचीं वस्त्रें देत तेव्हां बरोबर शिक्के-कट्यारही देत. तिकडे रोमला पोप मरण पावले म्हणजे त्यांची मुद्रेची अंगठी निकामी करून टाकतात. त्यांच्या मागें तिचा कोणी उपयोग करूं नये हाच हेतु.

आज हा शिक्का आमच्या तरुणांच्या घरांत निराळ्या रूपानें आला आहे. पुण्याच्या किंवा हैदराबादेच्या कंपन्यांत काम करणारीं कितीएक मुलें २०२० च्या टाळेबंदींत संगणक घेऊन गांवीं परतलीं आणि कांहीं घरूनच काम करूं लागलीं. संगणकाबरोबर कंपनी एक बोटभर लांबीचें टोकन देते. एका जातीच्या टोकनावर साधारण मिनिटागणिक बदलणारा आंकडा उमटतो. दुसरी जात संगणकाच्या खांचेंत बसवावी लागते. नुसता परवलीचा शब्द चोरणाऱ्यास आंत शिरतां येऊं नये म्हणून ही योजना. ग्रामपंचायतींतही हाच प्रकार आहे. वित्त आयोगाच्या निधींतून रक्कम काढावयाची तर सरपंच व ग्रामपंचायतीचा अधिकारी अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात, आणि त्या सह्या अशाच टोकनांत असतात. (हीं दोन्ही टोकनें एकाच खणांत ठेवण्याची वहिवाट कोठें कोठें आहे असें ऐकतों. मग दोन सह्यांचा उपयोग तो काय राहिला?)

गेल्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी वडिलांसह घरीं आला. पुण्याच्या एका कंपनीची नोकरी सोडून त्यास हैदराबादेस रुजू व्हावयाचें होतें. शेवटचा दिवस बारा दिवसांवर, आणि टोकनाचा पत्ता नाहीं! कपाटें, पेट्या, अंथरुणें, सर्व झाडून झालें. लातूर-नांदेड एस. टी. च्या प्रवासांत तें पडलें असावें असा त्यास संशय. आगारांत चौकशी केली, तेथेंही नव्हतें. वडील लातूरच्या अडत बाजारांत दिवाणजी. ते म्हणाले, "गुरुजी, मी म्हणतों बोलूंच नये. बाकीचें सामान खोक्यांत घालून पाठवावें. त्यांनीं विचारलेंच, तर वाटेंत कुरियरवाल्यानें पाडलें असेल म्हणावें. एकदां मुक्ततेचें पत्र हातीं आलें म्हणजे झालें."

मीं विचारलें, "दिवाणजी, पेढीच्या तिजोरीची किल्ली तुमच्याकडून हरवली तर शेटजींना केव्हां सांगाल?"

"त्याच घटकेला. कुलूप बदलावें लागतें ना!" असें म्हणाले आणि मुलाकडे पाहूं लागले.

येथें कायद्याचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४२ व्या कलमांत डिजिटल सहीच्या गुप्त किल्लीविषयीं असें सांगितलें आहे कीं, ती दुसऱ्याच्या हातीं गेल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवावें. आणि कळवीपर्यंत जबाबदारी किल्लीच्या धन्याचीच. कंपनीचें टोकन या कलमाखालीं येवो वा न येवो, न्याय तोच लागूं पडतो. वस्तु हरवणें हा अपघात होऊं शकतो. पुढचे बारा दिवस मात्र आपल्या खुशीचे असतात. शिवाय कळविल्यावर कंपनीस करावयाचें तें थोडेंच असतें: त्या टोकनाचा क्रमांक बंद करावयाचा. २०११ सालीं आर. एस. ए. या अमेरिकन कंपनीच्या संगणकांतूनच अशा टोकनांसंबंधींची गुप्त माहिती चोरीस गेली, आणि जगभरच्या गिऱ्हाइकांना टोकनें बदलून देण्याची तयारी तिला दाखवावी लागली. त्यापुढें एका मुलाचें एक टोकन म्हणजे कांहींच नव्हे.

मुलानें त्याच रात्रीं ई-मेल लिहिली: केव्हांपासून दिसत नाहीं, कोठें कोठें शोधलें, शेवटीं केव्हां वापरलें. सकाळीं टोकन बंद झाल्याचें उत्तर आलें व किंमत शेवटच्या हिशेबांतून कापली जाईल असेंही कळलें. तें रास्त होतें. १९३६ च्या वेतनविषयक कायद्यानेंही विश्वासानें सोंपविलेली वस्तु हयगयीनें हरवल्यास पगारांतून कपात करूं दिली होती. मात्र नुकसानीपेक्षां अधिक नव्हे, आणि नोकराचें म्हणणें ऐकल्यावांचून नव्हे. २०१९ च्या वेतन संहितेनेंही हे दोन्ही बंध राखले आहेत. मुक्ततेचें पत्र मात्र कंपनीनें तीन आठवडे अडकवून ठेवलें, तें मला मुळींच पटलें नाहीं. टोकन बंद झालें, किंमत वसूल झाली. मग मुलाची नवी नोकरी टांगणीला लावण्यांत काय साधलें? अशा वागणुकीमुळेंच दिवाणजींसारखे सरळ गृहस्थ कुरियरवाल्याचें नांव सुचवूं लागतात. हैदराबादेच्या लोकांनीं मुदत वाढवून दिली म्हणून बरें झालें.

बाकीचें सामान पाठवितांना त्यानें मास्तरी पद्धतीची यादी केली. प्रत्येक वस्तूचा क्रमांक लिहिला, छायाचित्रें घेतलीं, आणि यादींत टोकनापुढें 'हरवलें, अमुक तारखेस कळविलें' असा शेरा घालून पोंच मागविली.

दिवाळीच्या साफसफाईंत तें टोकन आईच्या शिवणाच्या डब्यांत, बटणांखालीं, सांपडलें. मुलानें पत्रासह तें स्पीड पोस्टानें पुण्यास पाठविलें. कापलेले पैसे परत आले नाहींत, त्यानें मागितलेही नाहींत. टपालाची पावती दिवाणजींनीं आपल्या वहींत चिकटवून ठेविली आहे.