किल्ली कोणाच्या हातीं?

चांदूर रेल्वे या गांवाच्या नांवांतच आगगाडी आहे. त्याच अमरावती जिल्ह्यांत चांदूर बाजार असल्यामुळें दोन्ही गांवें वेगळीं ओळखतां यावीं, म्हणून एकाच्या नांवाला बाजार जोडला गेला आणि दुसऱ्याच्या नांवाला रेल्वे. 1867 सालीं भुसावळकडून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोंचला, तेव्हांपासून या टापूला एका नवलाची संवय झाली. एका ठिकाणीं तरफ ओढली कीं दूरवर सिग्नलचा हात हलतो, आणि त्या हाताच्या भरंवशावर शेंकडों माणसें आपले जीव सोपवितात. म्हणूनच त्या तरफेपाशीं ऐऱ्यागैऱ्यानें फिरकूं नये, हा दंडक रेल्वेनें पहिल्यापासून कडकपणें पाळला.

आज तशीच तरफ शेतकऱ्याच्या खिशांत आली आहे. वऱ्हाडांत ओलिताच्या शेतीला वीज पुष्कळ ठिकाणीं पाळीपाळीनें मिळते. पाळी रात्रीची आली, कीं काळोखांत, साप-विंचवाची भीति बाळगीत, वावरांत जाऊन विहिरीवरचा मोटारपंप सुरू करावा लागे. सिमकार्ड घातलेला स्टार्टर पंपाला जोडला, आणि अंथरुणावरून फोन करतांच पाणी वाहूं लागलें. पीएम-कुसुम योजनेंतील सौर पंपांनाही दुरून देखरेख करणारें उपकरण जोडण्याची अट आहे. अमरावतीस किंवा पुण्यास राहून गांवाकडचें वावर पाहणाऱ्या कुटुंबाला ही सोय म्हणजे मोठाच दिलासा होय. तिची थट्टा करण्याचें कांहीं एक कारण नाहीं.

प्रश्न इतकाच, कीं आज्ञा देणारा मालकच आहे, हें त्या पेटीला कळावें कसें? कांहीं स्टार्टर नोंदविलेल्या क्रमांकांवरूनच आज्ञा घेतात. परंतु पेटी बसविणाऱ्यानें ती नोंद केलीच नाहीं, अथवा कारखान्यांतून आलेला सोपा आंकडा तसाच राहूं दिला, तर ज्याला तो क्रमांक ठाऊक त्याच्या हातीं पंप जातो. विहीर कोरडी पडलेली असतां मोटार रात्रभर फिरत राहिली आणि तिला संरक्षक यंत्रणा नसली, तर ती जळून जाते. ऐन ओलिताच्या पाळींत ती बंदच राहिली, तर पीक वाळतें.

ही भीति केवळ कल्पनेंतली नव्हे. एप्रिल 2023 मध्यें इस्रायलच्या उत्तरेकडील गॅलिली प्रांतांत शेतांना पाणी सोडणाऱ्या यंत्रांवर इंटरनेटवाटे हल्ला झाला. अशा हल्ल्याची सूचना आधींच मिळाली होती. ज्या शेतकऱ्यांनीं यंत्राचा दूरचा संबंध तोडून पाणी हातानें सोडण्याची व्यवस्था केली, ते निभावले. ज्यांनीं ती केली नाहीं, त्यांपैकीं कांहींचें पाणी थांबलें. यंत्रें त्याच जातीचीं, संकट तेंच. फरक पडला तो एका सावधगिरीनें.

शेताचें नुकसान पुढल्या हंगामांत भरून निघण्याची आशा तरी असते. रुग्णालयांत गेलेली अब्रू भरून निघत नाहीं. फेब्रुवारी 2025 मध्यें राजकोटचें एक प्रकरण उघडकीस आलें. तेथील एका प्रसूतिगृहांत स्त्रियांच्या तपासणीच्या खोलींतील कॅमेऱ्याचीं दृश्यें चोरून इंटरनेटवर विकण्यांत आलीं. पोलिसांनीं प्रथम पकडलेल्या आरोपींत महाराष्ट्रांतील तरुणही होते. कॅमेऱ्याचा परवलीचा शब्द कारखान्यांतून आला तसाच ठेवलेला होता, असें तपासांतून पुढें आलें. त्या चोरांना भिंत फोडावी लागली नाहीं कीं कुलूप तोडावें लागलें नाहीं. कुलपाबरोबर आलेली किल्ली सर्वांना ठाऊक होती, इतकेंच. अशा खोलींत कॅमेरा असावाच कशाला, हा प्रश्न तर त्याच्याही आधींचा आहे.

ही किल्ली शोधावयास फार बुद्धि लागत नाहीं. 2016 सालीं ‘मिराई’ नांवाच्या एका दुष्ट प्रणालीनें कारखान्यांत दिल्या जाणाऱ्या साठाच्या आसपास नांव-शब्दांच्या जोड्या पाठ करून जगभरचे लक्षावधि कॅमेरे व तत्सम उपकरणें काबीज केलीं आणि त्यांच्याकरवीं मोठमोठीं संकेतस्थळें बंद पाडलीं. उपकरणांच्या मालकांना बहुधा त्याची वार्ताही नव्हती.

रोग्याच्या अंगावरील यंत्राची गोष्ट याहून नाजूक. जून 2019 मध्यें अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें मधुमेहाच्या रोग्यांना इन्सुलिन पुरविणाऱ्या कांहीं पंपांविषयीं इशारा दिला. जवळ असलेला जाणता मनुष्य बिनतारी लहरींनीं औषधाची मात्रा बदलूं शकेल, असा दोष त्यांत आढळला होता. कोणास इजा झाल्याचें वृत्त नव्हतें. तथापि तो दोष त्या जुन्या पंपांत दुरुस्त करतां येण्यासारखा नसल्यामुळें ते बदलून द्यावे लागले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर 23 नोव्हेंबर 2022 रोजीं हल्ला झाला, तेव्हां जवळजवळ दोन आठवडे रोग्यांच्या नोंदी आणि अहवाल यांचें पुष्कळसें काम कागदावर हातानें चाललें. कागद होता, लिहिणारे हात होते, म्हणून रुग्णसेवा चालूं राहिली.

मग करावयाचें काय? उपकरण बसेल त्याच दिवशीं त्याचा मूळचा शब्द बदलावा आणि बसवून देणाऱ्याचा क्रमांक त्यांतून काढावा. विकत घेतांना किंमतीबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा, कीं यांतील प्रणालीची दुरुस्ती किती वर्षें मिळणार? ज्याला इंटरनेटची गरज नाहीं, त्याला तें जोडूंच नये. पण सगळा भार ग्राहकावर टाकणेंही न्यायाचें नव्हे. ब्रिटननें 29 एप्रिल 2024 पासून घरगुती उपकरणांना सरसकट एकच सोपा शब्द देऊन विकणें कायद्यानें बंद केलें. भारतांत दूरसंचार अभियांत्रिकी केंद्रानें ऑगस्ट 2021 मध्यें हेंच तत्त्व आपल्या संहितेंत अग्रभागीं मांडलें. परंतु ती संहिता सल्ल्याची होती, सक्तीची नव्हती. सल्ला ज्याला परवडतो तोच ऐकतो. वावरांतली पेटी आणि प्रसूतिगृहांतला कॅमेरा स्वस्तांतला असतो, आणि स्वस्त मालालाच कायद्याची गरज अधिक.

चांदूर रेल्वेच्या स्थानकावरून जाणाऱ्या गाड्यांना आतां विजेचे दिवे वाट दाखवितात. तरीही रेल्वेनें तांबडी आणि हिरवी झेंडी टाकून दिलेली नाहीं. दिवा बिघडला, तर माणसाच्या हातानें गाडी थांबवितां यावी, हा त्यांतला शहाणपणा. विहिरीवरच्या पंपाला हातानें चालविण्याचें बटण असावें, रुग्णालयांत कागदाची वही असावी, आणि किल्ली कोणाच्या हातीं आहे हें मालकाला ठाऊक असावें. एवढें झालें, तर दुरून हलणारी तरफ खुशाल वापरावी.