एकाकी माणसास पत्र
(हिमायतनगर तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



शाळेतील पत्रलेखन बहुधा फळ्यावरच संपते. ‘तीर्थरूप बाबांस’ या मायन्याने आरंभ होतो, सहलीचे वर्णन होते, गुण मिळतात. पत्र मात्र कोणासही जात नाही. ज्यास लिहावयाचे तो मनुष्यच डोळ्यांपुढे नसेल, तर मुलाने लिहावे तरी काय?

अशी माणसे शोधावयास दूर जावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील अनेक वाड्यातांड्यांवरून ऊसतोडीची कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. मागे म्हातारी माणसे राहतात; काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात. दोघांचेही दिवस जाता जात नाहीत.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. तेथील छात्रालयातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. घर सोडून आलेल्या मुलांसाठी शिक्षकाने रोज स्वहस्ते लिहावे, हे काम लहान नव्हे. पुढे पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची पत्रे ‘सुंदर पत्रे’ या नावाने पुस्तकरूपाने आली. तीही एका मुलीस लिहिलेली होती, म्हणूनच अनेकांना आपली वाटली.

पत्रात उपदेश नसावा. ‘काळजी करू नका’ एवढ्याने कोणाची काळजी गेल्याचे ऐकिवात नाही. शेळीस दोन करडे झाली, ओढ्याला अद्याप पाणी आहे, धाकट्याचा दात पडला, अशी वार्ता लिहावी. शेवटी एक खरा प्रश्न असावा. बियाण्याची ज्वारी किडीपासून कशी राखावी, असे आजीस विचारले, तर आपल्यावाचून कोणाचे काही अडते हे तिला कळते. तिला वाचता येत नसेल, तर शेजारचे मूल वाचून दाखवील. म्हणून घरातील भांडणतंटा पत्रात आणू नये.

पत्त्याचा अभ्यास ओघानेच होतो. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवी होते, हे मुलांना अवश्य सांगावे. ऊसतोडीच्या कोपीला मात्र कायमचा पत्ता नसतो. तेथील पत्र कोणी जाणाऱ्याच्या हाती द्यावे. दूरध्वनी आहेच, परंतु फोनवरचे बोलणे म्हातारीला उशाशी ठेवता येत नाही.

शिक्षकाने या पत्रावर तांबडी शाई चालवू नये. पत्ता तेवढा तपासावा. गोरमाटी किंवा तेलुगू बोलणाऱ्या घरातील मुलाने घरचा शब्द देवनागरीत लिहिला, तर तो तसाच राहू द्यावा. वाचणारास तोच अधिक गोड लागेल. तपासणीच्या वेळी दाखविण्यासाठी पत्रे अडवून ठेवणे तर सर्वथा गैर.

उत्तर येईलच असे नाही, हे मुलास आधी सांगावे. न आल्यास पंधरा दिवसांनी दुसरे पत्र जावे, आणि त्यात पहिल्याची तक्रार नसावी.