छापील कागदावरचा वाद
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



धर्ममतांचे वाद आणि छापखाना हा आजचा विषय ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. गणित-इंग्रजीचे सांगायचे सोडून मास्तर हे काय काढून बसले, असे वाटणे साहजिक आहे. पण माझी पंधरा मिनिटे सहन करावीत.

जोहे-हमरापूरच्या मुलांना साचा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. साचा नीट उतरला की त्यातून एकसारख्या शेकडो मूर्ती निघतात. छापखान्याचेही तेच. शिशाचे खिळे जुळवायचे, शाई फिरवायची, कागद दाबायचा. एका माणसाने एका सभेत मांडलेला विचार हजार घरांत पोहोचतो, आणि माणूस गाव सोडून गेला तरी कागद मागे राहतो. सत्ताधारी छापखान्याला बिचकत आले ते यामुळेच.

प्रथम जरा दूरचे उदाहरण घेऊ. सतराव्या शतकात इंग्लंडच्या राजाच्या चर्चशी न पटलेले प्युरिटन लोक जहाजात बसून अमेरिकेत गेले. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत त्यांनी थोड्याच वर्षांत छापखानाही आणला. परंतु जे स्वातंत्र्य स्वतःसाठी मागितले, ते दुसऱ्याला द्यायला ते तयार नव्हते! रॉजर विल्यम्स नावाच्या धर्मोपदेशकाने सांगितले की, सरकारने कोणाच्या श्रद्धेत हात घालू नये. 1635 साली त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. 1644 साली त्याने लंडनमध्ये पुस्तक छापले, तर तिथल्या पार्लमेंटने ते जाळण्याचा हुकूम काढला. त्या पुस्तकात त्याने ज्यूंना आणि तुर्कांनाही, म्हणजे तेव्हाच्या भाषेत मुसलमानांनाही, आपापल्या श्रद्धेप्रमाणे वागू द्यावे असे लिहिले होते. बॉस्टनमध्ये तर 1659 ते 1661 या काळात चार क्वेकरांना फाशी दिले, त्यात मेरी डायर ही स्त्री होती. अन्यायातून सुटलेला मनुष्य न्यायी होतोच असे नाही.

आता मुंबईत येऊ. त्याच मॅसॅच्युसेट्समधल्या मिशनरी संस्थेची माणसे 1813 साली मुंबईत उतरली. कंपनी सरकारला ती नको होती, परत पाठवण्याचाही घाट घातला गेला. शेवटी ती राहिली, आणि त्यांनी छापखाना उभारला. 10 मार्च 1817 रोजी त्यांची पहिली मराठी पुस्तिका छापून झाली. आठ पाने, 1500 प्रती. तिचा हेतू उघड होता, तो म्हणजे धर्मप्रसार.

मग इथल्या लोकांनी काय केले? त्यांनी त्याच हत्याराने उत्तर दिले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी मोरभट दांडेकरांचा जाहीर वाद झाला आणि 1831 साली मोरभटांचे ‘हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक निघाले. विल्सनसाहेबांनी इस्लामवर टीका केली तेव्हा मुंबईतले विद्वान हाजी मुहंमद हाशिम इस्फहानी यांनीही लेखणी हाती घेतली. विल्सन यांना त्यांच्यासाठी वेगळे पुस्तक लिहावे लागले. पुस्तकाला पुस्तक! कोणाचे बरोबर, हे मी आज इथे सांगत नाही. ते वाचून ज्याने त्याने ठरवावे.

या परंपरेतला सर्वांत मोठा वादपटू आपल्याच जिल्ह्याचा. विष्णु भिकाजी गोखले, म्हणजेच विष्णुबुवा ब्रह्मचारी. जन्म 1825, गाव शिरवली, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. शिक्षण बेताचे. दुकानात काम केले, जकात खात्यात नोकरी केली, ती सोडून सप्तशृंगीच्या डोंगरावर तपाला गेले. पुढे मुंबईत येऊन 1857 सालच्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत त्यांनी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी आठवड्याच्या आठवड्याला वाद केला. उत्तरेत बंडाचा वणवा पेटला आणि या सभा थांबल्या. समोर जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी होते. बोवेन यांनी त्याच वर्षी हे वाद इंग्रजीत छापले. विष्णुबुवांनी 1859 साली ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ काढला.

विष्णुबुवांचे सगळेच म्हणणे मला पटते असे नाही. प्रतिपक्षाच्या धर्माविषयी ते पुष्कळदा कडवट बोलत. पण 1867 साली याच माणसाने निबंध लिहून सांगितले की जमीन सर्वांची असावी, धान्य एका कोठारात साठवून प्रत्येकाला लागेल तसे द्यावे. कार्ल मार्क्सचा ‘कॅपिटल’चा पहिला खंड त्याच वर्षी जर्मनीत निघाला! दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. शिरवलीच्या मुलाने असा विचार करावा आणि तो छापून लोकांपुढे ठेवावा, ही साधी गोष्ट नव्हे.

आणखी एक गंमत पाहा. मिशनच्या छापखान्यातले काम पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचे शिळायंत्र उभे केले आणि 1831 साली पंचांग छापले. जावजी दादाजी हा गरीब मुलगा मिशनच्याच टाइप फाउंड्रीत खिळे घासत असे. त्याने 1869 साली निर्णयसागर छापखाना काढला आणि संस्कृत ग्रंथांच्या सुबक आवृत्त्यांनी देशभर नाव मिळवले. ज्या यंत्राने एका धर्माचा प्रचार करायचा होता, त्याच्याच तालमीत दुसऱ्या धर्माचे ग्रंथ छापणारे तयार झाले. यंत्राला जातधर्म नसतो, ज्याला येते त्याचे ते.

पालकहो, आपल्या समाजात या हुन्नराकडे आणि मराठी लेखनाकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. आपल्याविषयी कोणी काही छापले की आपण संतापतो, मोर्च्याची भाषा करतो. दोन पाने शुद्ध मराठीत उत्तर लिहून द्या म्हटले, की मोहल्ल्यात शोधाशोध सुरू होते. घरातही तोच प्रकार. दहावीतला मुलगा दीनाबद्दल प्रश्न विचारतो, आणि त्याला “गप बस” हे उत्तर मिळते. मग तो मोबाईलवर उत्तर शोधतो, जिथे लिहिणाऱ्याचे नाव नाही, गाव नाही, जबाबदारी नाही. 1867 च्या कायद्याने पुस्तकावर छापणाऱ्याचे नाव आणि ठिकाण घालणे बंधनकारक केले. सरकारचा हेतू नजर ठेवण्याचा असेल. पण वाचणाऱ्याला एवढे तरी कळे, की हे अमक्याने छापले, आणि जाब विचारायचा तर कुठे जायचे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम आहे. आपल्या जुन्या घरांत माळ्यावर, आजोबांच्या पेटीत उर्दू, मराठी, गुजराथी जुन्या पुस्तिका पडून असतात. काहींना वाळवी लागली आहे. घरच्यांना विचारून त्या शाळेत आणा. लिहिणाऱ्याचे नाव, छापखाना, साल आणि किंमत आपण एका वहीत उतरवून घेऊ आणि पुस्तिका परत करू. वही मी आणून ठेवली आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वाचनालयात बसू.