तुटणारी गुणसूत्रे

मूल चालू लागते तेव्हा ते प्रथम डगमगते, पडते आणि पुन्हा उठते. साऱ्या घराला त्याचे कौतुक वाटते. परंतु एखाद्या मुलाची ही डगमग वयाबरोबर ओसरत नाही. ती वाढतच जाते. पुढे वाणी अडखळते, नजर स्थिर राहत नाही आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर बारीक रक्तवाहिन्यांचे लाल जाळे उमटते. दहाव्या वर्षाच्या सुमारास यांतील बहुतेकांना चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागतो. लॉस एंजेलिस येथील एलेना बोडर व रॉबर्ट सेजविक यांनी १९५७ साली या दुर्मिळ रोगाला ‘ॲटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया’ असे नाव दिले. त्यातला पहिला शब्द तोल जाण्याचा, तर दुसरा रक्तवाहिन्या फुगण्याचा द्योतक आहे.

वरकरणी हा लहान मेंदूचा विकार. मग याच मुलांना छातीचे रोग वारंवार का जडावेत? रक्ताचा आणि लसिकाग्रंथींचा कर्करोग त्यांना इतरांहून कितीतरी अधिक का व्हावा? या कोड्याचा एक धागा १९६६ मध्ये हाती आला. फ्रेडरिक हेक्ट व त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या पांढऱ्या पेशींत गुणसूत्रांची मोडतोड आढळली. सातव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन जोडले गेल्याचेही पुढे वारंवार दिसले. रोगजंतूंना ओळखण्यासाठी या पेशी आपल्याच काही जनुकांची काटछाट करून ती नव्याने जोडतात, आणि त्यांतील काही जनुके याच दोन गुणसूत्रांवर असतात. जिथे तोडणे नित्याचे, तिथेच जोडणे चुकत होते.

श्रोतेहो, हा केवळ सूक्ष्मदर्शकातला विषय नव्हता. कर्करोग झाला की क्ष-किरणांचा उपचार करावा, ही वैद्यकाची रूढ रीत. परंतु इतरांना सोसणारी मात्रा या मुलांना सोसली नाही. काहींच्या जिवावर उपचारच बेतला. बर्मिंगहॅमचे माल्कम टेलर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७५ साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेच्या पेशींवर दाखवून दिले, की अशा किरणांनी या रुग्णांच्या पेशी फार मोठ्या प्रमाणात मरतात.

अखेर १९९५ मध्ये तेल अवीवचे योसेफ शिलोह यांच्या चमूने अकराव्या गुणसूत्रावरील सदोष जनुक शोधून काढले. ‘एटीएम’ हे त्याचे नाव. त्यापासून बनणारे प्रथिन पेशीतला जागल्याच होय. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की तो हाक देतो: विभाजन थांबवा, आधी दुरुस्ती करा! या मुलांच्या पेशींत ती हाक उठतच नाही.

हा दोष आई आणि वडील अशा दोघांकडून यावा लागतो. ती दोघे या रोगापासून मुक्त असतात. परंतु त्यांच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. आपल्याकडे अनेक घराण्यांत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. अशा आप्तविवाहात एकच दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. शिवाय दोष वाहणाऱ्या स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो. म्हणून निदान एका मुलाचे झाले, तरी सल्ला साऱ्या कुटुंबाने घ्यावयाचा असतो.

हा रोग समूळ बरा करणारे औषध अजून सापडलेले नाही. पण वेळीच निदान झाले तर अनावश्यक क्ष-किरण टाळता येतात, कर्करोगाचे उपचार बेताने योजता येतात, जंतुसंसर्ग आवरता येतो. काय करावे हे ज्ञान जेव्हा सांगू शकत नाही, तेव्हा काय करू नये एवढे तरी ते सांगते. आणि रुग्णाच्या दृष्टीने तेही थोडे नसते.