स्वयंपाकघरातला मंजूर भार

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात ज्येष्ठ सभासद व महिला मंडळ यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला विषय दिला 'विजेच्या शेगडीचा सुरक्षित वापर'. आमच्या घरातून लगेच विचारणा झाली की, "तुमचा आणि शेगडीचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. मी इंजिनिअर नाही. पस्तीस वर्षं बँकेत काढली. पण मागच्या वर्षभरात कमिटीने वायरिंगचं काम माझ्याकडे दिलं, त्यामुळे इलेक्ट्रिशियनच्या मागे-मागे जिने चढलो, मीटर रूममध्ये उभा राहिलो आणि बरंच काही विचारून घेतलं. बँकेतल्या माणसाला एक गोष्ट मात्र चांगली कळते, ती म्हणजे लिमिट. आजचा विषयही मुळात लिमिटचाच आहे.

आपली इमारत उभी राहिली तेव्हा स्वयंपाकघरात विजेवर चालणारं काय होतं? मिक्सर, फ्रिज, फार तर एक एक्झॉस्ट फॅन. त्या हिशोबाने बिल्डरने ओट्यावर एक-दोन पॉइंट दिले. आज त्याच ओट्यावर इंडक्शन आहे, मायक्रोवेव्ह आहे, केकसाठी ओव्हन आहे, पाण्याची किटली आहे, वॉटर प्युरिफायर आहे. उपकरणं पंचवीस वर्षांत पाचपट झाली, भिंतीतली तार मात्र तीच आहे. पगार तोच आणि हप्ते पाच, अशी अवस्था.

आता थोडं गणित करू, घाबरू नका. उपकरणावर वॅट लिहिलेले असतात. त्याला 230 ने भागलं की किती अँपिअर करंट लागतो ते कळतं. इंडक्शन 2000 वॅटचं असेल तर साधारण पावणेनऊ अँपिअर. आपल्याकडे भिंतीवर दोन तऱ्हेचे सॉकेट असतात. छोटा सहा अँपिअरचा, म्हणजे त्याची ताकद जास्तीत जास्त 1380 वॅट. मोठा सोळा अँपिअरचा, त्याची 3680 वॅट. म्हणजे इंडक्शन कुठे लावायचं याचं उत्तर गणितानेच दिलं. मोठ्या सॉकेटमध्ये, आणि एकटंच.

पण आपण काय करतो? मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये बसत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून एक कन्व्हर्टर आणतो. किंवा एक्स्टेन्शन बोर्ड लावून त्यावर इंडक्शन, मिक्सर आणि मोबाईलचा चार्जर, तिन्ही. पिन बसत नाही ही अडचण नाही, ती सूचना आहे. काउंटरवरचा क्लार्क चेक परत करतो तेव्हा तो आपल्याला छळत नसतो, खात्यात शिल्लक नाही एवढंच सांगत असतो.

तीन वर्षांपूर्वी बी विंगमध्ये एका घरी अशाच बोर्डाचं प्लास्टिक वितळलं. आठ दिवस आधीपासून जळकट वास येत होता, पिन काढताना हाताला चटका बसत होता. घरातल्यांना वाटलं, फोडणीचा वास असेल. सुदैवाने सगळे घरात जागे होते, मेन बंद केला, निभावलं. विजेचा एक नियम इथे लक्षात ठेवा. करंट दुप्पट झाला तर तारेतली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. चक्रवाढ व्याज आपल्याला समजतं, तसंच हे समजून घ्या. म्हणून पिन गरम लागणं, सॉकेटभोवती पिवळट-काळा डाग पडणं, बटण दाबताना चरचर आवाज येणं, या तीनपैकी काहीही दिसलं तर त्या दिवसापासून तो पॉइंट बंद. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत गॅसवर भागवा.

आता सुरक्षा देणाऱ्या उपकरणांबद्दल. आपल्या मीटर रूममध्ये आणि घराच्या बोर्डात एमसीबी आहे. लोड जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झालं की तो पडतो. तो वारंवार पडतो म्हणून काही जण सोळाचा काढून बत्तीसचा टाकून घेतात. हे म्हणजे ऑडिटर त्रास देतो म्हणून ऑडिटरच बदलण्यासारखं आहे! एमसीबी तारेला वाचवण्यासाठी असतो. तार तीच ठेवून एमसीबी मोठा केला, तर पहिल्यांदा एमसीबी पडणार नाही, तार जळेल.

आणि एक महत्त्वाचं. एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा ताळेबंद तो सतत मांडत असतो. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालला आहे असं समजून तो क्षणात वीज तोडतो. आपल्या कितीतरी घरांत तो नाहीच. ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावं. एक तारीख ठरवून टाका. बटण दाबल्यावर तो पडला पाहिजे. पडला नाही, तर तो भिंतीवरची शोभा आहे, बदलून घ्या.

अर्थिंगचंही तसंच. तीन पिनांपैकी जाड आणि लांब पिन अर्थिंगची. ती लांब असते कारण आत जाताना ती आधी जोडली जावी आणि बाहेर येताना शेवटी सुटावी. ती कापून दोन पिनांवर काम चालवणं म्हणजे जामीनदाराशिवाय कर्ज. काही घडत नाही तोवर सगळं छान.

आता प्रत्यक्ष शेगडीकडे येऊ. बाजारात दोन प्रकार आहेत, दिसायला सारखे, वागायला वेगळे. इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याचं वेटोळं असतं. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याचा तळच तापतो. म्हणून तिथे लोहचुंबक चिकटेल असंच भांडं चालतं. घरातल्या फ्रिजवरचा मॅग्नेट काढा आणि भांड्याच्या तळाला लावून बघा, दुकानदाराला विचारायला नको. ॲल्युमिनियमचं पातेलं, पितळेची कढई चालणार नाही. लोखंडी तवा चालेल, पण बूड सपाट हवं. दुसरा प्रकार इन्फ्रारेड शेगडीचा. त्यावर कुठलंही भांडं चालतं, पण काच स्वतः लालबुंद तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. इंडक्शनची काचही भांड्याच्या उष्णतेने गरम होतेच. लाल दिवा गेला म्हणजे काच थंड झाली असं समजून नातवंडांना ओट्याजवळ सोडू नका.

वापरताना पाळायच्या गोष्टी अशा. इंडक्शन गॅसच्या शेगडीवर ठेवू नये. जागा वाचते म्हणून पुष्कळ घरी तसं ठेवतात. खाली स्टील असतं, तेही तापू शकतं, आणि चुकून बर्नर चालू झाला तर विचारायलाच नको. सपाट ओट्यावर, सिंकपासून लांब, मागे भिंतीपासून चार-सहा बोटं सोडून ठेवावं. आत पंखा असतो, त्याला हवा लागते. खाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिकचा टेबलक्लॉथ नको. काचेवर चमचा, उलथनं, झाकण ठेवायची सवय नको. स्वयंपाक झाल्यावर आधी पॅनेलवरचं बटण बंद करा, पंख्याचा आवाज थांबू द्या, मग भिंतीवरचं बटण बंद करा. पंखा मध्येच तोडला तर आतली उष्णता आतच कोंडते आणि यंत्राचं आयुष्य कमी होतं.

तळणाची खास काळजी घ्यावी. इथे ज्वाला दिसत नाही, त्यामुळे तेल किती तापलं याचा अंदाज चुकतो. आणि ते गॅसपेक्षा लवकर तापतं. फोन आला, बेल वाजली, तर कढईखालची शेगडी आधी बंद. तेलाने पेट घेतलाच तर पाणी ओतायचं नाही. पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल उडवतं. वीज बंद करा आणि मोठं झाकण किंवा ताट बाजूने सरकवून कढईवर ठेवा. आग विझली तरी झाकण लगेच उचलू नका, थंड होऊ द्या. आटोक्यात येत नसेल तर घराबाहेर पडा, दार ओढून घ्या, लिफ्ट न वापरता जिन्याने उतरा आणि 101 किंवा 112 ला फोन करा. कुणाला शॉक बसलाच तर त्याला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करा. रुग्णवाहिकेसाठी 108. हे तीन आकडे फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा.

देखभाल सोपी आहे. पिन काढून, काच थंड झाल्यावर, पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसायचं. पाणी ओतायचं नाही, तारेची घासणी वापरायची नाही. मागच्या जाळीवर तेलकट धूळ बसते, ती कोरड्या ब्रशने काढायची. ऊब मिळते म्हणून झुरळंही आत जातात आणि यंत्र बंद पाडतात, तेव्हा रात्री ओटा स्वच्छ ठेवणं हीसुद्धा देखभालच. काचेला तडा गेला तर मात्र सेलोटेप लावून वापरणं बंद. तड्यातून दूध-पाणी आत गेलं की शॉकची भीती.

ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी चालू इंडक्शनपासून साधारण दोन फूट अंतर राखावं आणि आपल्या डॉक्टरांना एकदा नक्की विचारावं.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग नकोच ती विजेची शेगडी. तसं मला म्हणायचं नाही. एक गोष्ट सांगतो. आपल्याच सोसायटीत एक ताई आहेत, वय ऐंशीच्या पुढे, एकट्या राहतात. गॅसवर दूध विसरलं असं दोनदा झालं. वास येणंही कमी झालंय. मुलाने परदेशातून फोन करून सांगितलं, आई, आता गॅस बंद, डबा लाव. ताईंना डबा नको होता. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, जेवण कुणाचंही चालेल. पण सकाळचा चहा मला कुणाला मागायला लावू नका."

आम्ही काय केलं? आधी इलेक्ट्रिशियन बोलावून त्यांच्या ओट्यावर स्वतंत्र सोळा अँपिअरचा पॉइंट घेतला, अर्थिंग तपासलं, आरसीसीबी बसवला. मग टायमर असलेलं, बटणांचं इंडक्शन आणलं. टच पॅनेल मुद्दाम घेतलं नाही, कारण ओल्या आणि थरथरत्या बोटांना ते दाद देत नाही. चालू आणि बंदच्या बटणांवर लाल-हिरवे ठिपके चिकटवले. भांडं उचललं की तापणं थांबतं, वेळ संपली की आपोआप बंद. आज त्या स्वतःचा चहा स्वतः करतात, आणि मी गेलो तर मलाही देतात. साखर जास्त असते, पण तक्रार करत नाही.

क्रम लक्षात घ्या. आधी तार, मग शेगडी. आपली मुलं-मुली प्रेमाने ऑनलाइन मागवून इंडक्शन दारात पाठवतात. पण भिंतीतली तार ऑनलाइन येत नाही.

आता मुद्द्याचं. येत्या सर्वसाधारण सभेत कमिटी ठराव मांडणार आहे की सरकारी परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराकडून संपूर्ण इमारतीची तपासणी करून घ्यावी. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या मेन स्विचपर्यंतची लाईन सोसायटीने सांभाळायची, आतली सभासदाने. काही सभासद म्हणतात, आमच्या घरात सगळं नवीन आहे, आम्ही वर्गणी का द्यावी? त्यांना माझी नम्र विनंती आहे. घरी गेल्यावर विजेचं बिल काढा. त्यावर 'मंजूर भार' असा एक रकाना आहे. मग आपल्या घरातला एसी, गीझर, इंडक्शन आणि ओव्हन यांचे वॅट एका कागदावर मांडून बेरीज करा. एसी 1500, गीझर 2000, इंडक्शन 2000, ओव्हन 1500, झाले 7000. म्हणजे सात किलोवॅट, तीस अँपिअर. बिलावरचा आकडा त्याच्या निम्माही नसेल, तर महावितरणकडे भार वाढवून मागायला हवा, आणि तोवर ही चारही उपकरणं एका वेळी चालवायची नाहीत. प्रत्येक घर असं मंजुरीबाहेर गेलं तर जिन्यातून वर येणारी मुख्य केबल कुणाची? सगळ्यांची. चौथ्या मजल्यावरचा धूर पाचव्या मजल्याला विचारून वर जात नाही.

ही स्मरणिका घरी जपून ठेवाल याची खात्री आहे, कारण तीत आपल्या सगळ्यांचे फोटो आहेत. त्या निमित्ताने हे पानही कधीतरी डोळ्यांखालून जाईल. तोवर तीन कामं करा. आज पिनेला हात लावून बघा, गरम आहे का. एक तारखेला आरसीसीबीचं बटण दाबा. आणि सभेला या, ठरावावर हात वर करा.

पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी केली, लिफ्ट बदलली, गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं. जे दिसत होतं ते सगळं केलं. आता भिंतीच्या आत जे दिसत नाही तेवढं करूया.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.